अकरा नंबरच्या ओळीत

घड्याळवाल्यांना हॉकीचं वेड आहे, हे शहरात कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. बंद पडलेलं घड्याळ घेऊन त्यांच्या दुकानात जावं आणि सहज म्हणून विचारावं, "काय म्हणते हॉकी?" की गिऱ्हाइकाचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. कोणत्या संघाचा गोलकीपर चष्मा खिशात ठेवून खेळायचा, मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात चेंडू उगाच उसळायचा, कोणता अंपायर शिट्टी घरी विसरून यायचा, सगळं तोंडपाठ. बायकोच्या वाढदिवसाची आठवण मात्र दर वर्षी दुसऱ्या कुणीतरी करून द्यावी लागे. असा माणूस, शहरात खेळांचं संग्रहालय उघडलं आणि त्यात हॉकीला स्वतंत्र खोली मिळाली म्हटल्यावर, पहिल्या दिवशी कुलूप उघडायच्या आधी दारात हजर असायला हवा होता. सहा महिने झाले तरी घड्याळवाले तिकडे फिरकले नव्हते.

कुणी विचारलं तर कारणं तयार असत. गुडघा धरलाय. सध्या गर्दी असेल, ती ओसरू दे. आता संग्रहालयात कसली आलीय गर्दी! तिथला पहारेकरी दुपारी खुर्चीत झोपतो आणि त्याला उठवायला माणूस येत नाही, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. लोक म्हणाले, म्हातारा झाला, वेड उतरलं असेल. वयाच्या ऐंशीव्या वर्षी उतरलं तर उतरू दे बापडं.

पण बायको ऐकेना. तिचे डोळे काचबिंदूने गेल्या तीन वर्षांत जवळजवळ नेले होते. उजेड, अंधार आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा आकार, एवढंच तिला उरलं होतं. शहराच्या हॉकी संघाचा जुना कॅप्टन काही महिन्यांपूर्वी वारला होता. त्याच्या बायकोने तिला फोन करून सांगितलं, की वहिनी, छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या फायनलचं सगळं तिथे ठेवलंय. फोटो आहे, गुणपत्रक आहे, आणि ह्यांचं बोलणंही आहे. कॅप्टन जायच्या आधी दोन महिने संग्रहालयाची माणसं घरी येऊन ध्वनिमुद्रण करून गेली होती. तेव्हापासून ही रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की विचारायची, "कधी नेताय?"

"तुला दिसणार आहे का तिथलं काही?" एकदा ते वैतागून बोलून गेले, आणि लगेच त्यांना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"मला कशाला दिसायला हवं? तुम्ही वाचून दाखवा," ती शांतपणे म्हणाली. "आणि कॅप्टनचं तर ऐकायचंच आहे."

नेमकं इथेच घोडं अडलं होतं. घड्याळवाले भीत होते ते त्या ऐकण्याला. कारण त्या फायनलच्या गुणपत्रकात एक खोटी नोंद होती, ती त्यांच्या हातची होती, आणि ती खोटी आहे हे कॅप्टनला माहीत होतं.

घड्याळांचा माणूस म्हणून हॉकीच्या सामन्यांना वेळ बघायला त्यांना तरुणपणीच बोलावू लागले होते. पुढे वेळेबरोबर गुणपत्रकही त्यांच्याकडे आलं. मैदानाच्या मध्यरेषेवर एक लाकडी टेबल, त्यावर दोन घड्याळं, हूटर आणि तो छापील कागद. कागदावर प्रत्येक खेळाडूला एक ओळ. गोल झाला की अंपायर टेबलाकडे वळून बोटांनी नंबर दाखवायचा, घड्याळवाले त्या नंबरच्या ओळीत मिनिट लिहायचे, आणि शेजारी माइक घेऊन बसलेला माणूस कागदात बघून ओरडायचा. सामना संपला की दोन्ही कॅप्टन आणि अंपायर खाली सह्या करायचे. तीस वर्षं हे काम त्यांनी केलं. त्यांच्या कागदावर कधी कुणी बोट ठेवलं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या फायनलला त्यांचा मुलगा अकरा नंबरवर, म्हणजे डाव्या टोकाला खेळत होता. वीस वर्षांचा. वाऱ्यासारखा पळायचा, पण त्या मोसमात चौदा सामने झाले तरी त्याच्या नावावर एक गोल नव्हता. प्रेक्षकांतले टवाळ म्हणायचे, बाप टेबलावर बसतो म्हणून पोरगा संघात आहे. बापाच्या कानावर ते जायचं. मुलाच्याही जात असणार, पण तो घरी कधी बोलला नाही. फायनलला बरोबरी होती. त्रेसष्टाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. आडवा आलेला चेंडू डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकावर नीट थांबला नाही, उडाला, सात-आठ स्टिका एकदम खाली आल्या, धूळ उडाली आणि गोलाच्या फळीवर खाडकन आवाज झाला. गोल. अंपायरने टेबलाकडे वळून दोन्ही पंजे उघडे करून दाखवले. दहा. म्हणजे कॅप्टन.

दहा बोटं. त्यात न कळण्यासारखं काय होतं? घड्याळवाल्यांनी ती स्पष्ट पाहिली. आणि त्यांच्या पेनाने ६३ हा आकडा दहाच्या खालच्या ओळीत, अकराच्या ओळीत लिहिला. आपण हे करतोय हे त्यांना करताना कळत होतं. कुणी विचारलंच तर ओळ चुकली म्हणायचं, हेही त्याच क्षणी ठरून गेलं होतं. शेजारच्याने माइकमध्ये अकरा नंबर पुकारला आणि मैदानाने पोराला डोक्यावर घेतलं. सामना संपल्यावर अंपायरने बस पकडायच्या घाईत न बघता सही ठोकली. कॅप्टन मात्र टपाल खात्यातला माणूस, कागद वाचल्याशिवाय सही करायचा नाही. त्याने वाचलं. पेन हातात धरून तो बराच वेळ घड्याळवाल्यांकडे बघत राहिला. मग त्याने सही केली आणि काही न बोलता बूट हातात घेऊन निघून गेला.

पुढे पाच वर्षांनी तापाचं निमित्त होऊन मुलगा आठ दिवसांत गेला. लग्न नाही, मागे काही नाही. कपाटात दोन शर्ट आणि कागदावर तो एक गोल. घड्याळवाल्यांना त्या नोंदीची लाज वाटायची, पण खरं सांगायचं तर समाधानही वाटायचं. पोराला आयुष्याने फारसं काही दिलं नाही, निदान आपण तेवढं दिलं, असं ते मनाशी म्हणायचे. कॅप्टन वर्षातून एकदा घड्याळ साफ करायला दुकानात यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा. दर वेळी तो पायरी उतरून गेला की घड्याळवाले सुटकेचा श्वास सोडायचे. आता तो मेला होता आणि जाताना सगळं बोलून गेला होता. काय बोलला होता, देव जाणे.

शेवटी एका मंगळवारी सकाळी त्यांना बायकोला घेऊन निघावंच लागलं. ती कपडे घालून दाराशी उभी होती, आणि एकटी रिक्षा करून जाते म्हणाली.

संग्रहालय जुन्या व्यायामशाळेच्या इमारतीत होतं. तिकिटाच्या खिडकीशी तिशीतल्या एक बाई बसल्या होत्या. संग्रहालयाचं सगळं त्याच पाहायच्या, कागद जमवणं, पाट्या लिहिणं आणि वेळ पडली तर झाडू मारणंसुद्धा. घड्याळवाल्यांनी सांगितलं, की हॉकीचं बघायचंय, मी गुणलेखक होतो. तशा त्या उठून उभ्याच राहिल्या.

"त्या फायनलचे? काका, मी किती दिवस तुमची वाट बघतेय! तुमचं अक्षर मला पाठ झालंय."

घड्याळवाल्यांनी हसून मान हलवली.

धावणं, पोहणं, कुस्ती, वजन उचलणं अशा खोल्या ओलांडत ते निघाले. हॉकीची खोली सगळ्यात शेवटी, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ. "नळाशेजारी," घड्याळवाले पुटपुटले. "जन्मभर हॉकीला हेच मिळालं. सगळ्यांनी बसून उरेल ती जागा." आत गेल्यावर तर त्यांचं डोकंच फिरलं. गोलकीपरच्या पुतळ्याला पॅड बांधले होते, पण उजव्या पायाचं डाव्याला आणि डाव्याचं उजव्याला. "अगं, पट्टे आतल्या बाजूला आणलेत! हा पठ्ठ्या दोन पावलं टाकेल आणि तोंडावर आपटेल." बायको हसली. तिने पुतळ्याचा पाय चाचपून बघितला आणि म्हणाली, "सांगून टाका त्यांना जाताना."

मग ती म्हणेल ते ते वाचत गेले. तुटलेल्या स्टिकांखालच्या पाट्या वाचल्या, चांदीच्या कपावरची सालं वाचली. शिवलेल्या चामड्याच्या चेंडूशी तर त्यांनी पाटीवर नसलेलं पाच मिनिटं सांगितलं. तिला कळत होतं, हे वेळ काढतायत. त्यांचं कोपर धरून ती चालत राहिली आणि खोलीच्या टोकाच्या काचेच्या पेटीपाशी आपणहून थांबली.

"हीच ना?"

"हीच."

वर संघाचा मोठा फोटो. खाली पुठ्ठ्याच्या पाटीवर अकराही खेळाडूंची नावं आणि प्रत्येकापुढे एकेक वाक्य. आणि पेटीत, पिवळा पडलेला, घडीवर चिरत चाललेला तो कागद. घड्याळवाल्यांनी छत्तीस वर्षांनी आपलं अक्षर पाहिलं. आकडे कसे नीट काढलेले, दोन रेघांच्या बरोबर मधे बसवलेले.

"वाचा ना," ती म्हणाली.

त्यांनी वाचलं. गोलकीपरपासून सुरुवात केली. दहाव्या ओळीत कॅप्टनचं नाव, पुढे काही नाही. अकराव्या ओळीत मुलाचं नाव, आणि पुढे त्रेसष्ट. पाटीवरचंही वाचलं, अकरा नंबर, अंतिम सामन्यातल्या विजयी गोलाचा मानकरी. वाचताना आवाज चिरकला. तिला वाटलं असेल पोराच्या आठवणीने, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तशी ती आठवणही होतीच.

तेवढ्यात त्या संग्रहालयातल्या बाई मागून आल्या. "काकू, इकडे बसा. कॅप्टनसाहेबांचं ऐका." भिंतीला लागून एक बाकडं होतं, वर खुंटीला एकच हेडफोन. बाईंनी तो तिच्या कानांवर नीट बसवला, बटण दाबलं आणि त्या बाहेर पाहुणे आले म्हणून गेल्या.

एकच हेडफोन! दोघांनी मिळून ऐकायचं असेल तर काय, हे ज्याने लावला त्याच्या डोक्यात कसं आलं नाही? घड्याळवाले बाकड्यापुढे उभे राहिले. कॅप्टन तिच्या कानात बोलत होता आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं, अवधी चार मिनिटं. मनगटावरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं. पहिलं मिनिट गेलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दुसरं मिनिट गेलं. तिचे हात मांडीवर एकमेकांत होते, ते तिने सोडले आणि पुन्हा धरले. त्यांच्या मनात येत होतं, हेडफोन ओढून काढावा. तार तुटली म्हणावं. मुलाचा एवढा एक गोल तिच्याकडे होता, आणि तो आता जाणार होता. त्यांच्यामुळे जाणार होता. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलो, तिच्या डोळ्यांत औषध घातलं, आणि हे एक सांगितलं नाही. तिसऱ्या मिनिटाला तिने मान खाली घातली. घड्याळवाले बाकड्याच्या कडेला टेकले.

चार मिनिटं झाली. तिने हेडफोन काढला आणि त्यांच्या दिशेने पुढे केला. "तुम्हीच ऐका."

कॅप्टनचा आवाज थकलेला होता, पण बोलणं तेच, टपाल खात्यातलं, सावकाश आणि मुद्द्याचं. सामना कसा रंगला, बरोबरी कशी झाली. मग तो म्हणाला, "कॉर्नरला चेंडू नीट थांबला नाही, उडाला. माझ्या पुढे आमचा अकरा नंबर होता. घड्याळवाल्यांचा मुलगा. गोलकीपर उजवीकडे झुकला होता हे त्याने बघितलं. गुडघा जमिनीला टेकवून त्याने स्टिक आडवी धरली आणि चेंडूला नुसती दिशा दिली. जोर काही लावला नाही. तसा टच मी पुन्हा पाहिला नाही. मी मागे उभा होतो, माझं काम फक्त बघायचं होतं. हा गोल माझा असावा असं कुणाला वाटत असेल, तर नाही. तो त्याचा. कागदावर माझी सही आहे. फार लवकर गेला पोरगा."

घड्याळवाल्यांचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. कारण दुसऱ्याच क्षणी त्यांना कळलं, की यातली एकूण एक गोष्ट खरी आहे. गोलकीपरचं झुकणं, टेकलेला गुडघा, आडवी स्टिक, सगळं जसं घडलं तसं. हे सगळं स्वतः कॅप्टनने केलं होतं आणि मरताना ते त्याने उचलून दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकलं होतं. त्याने आयुष्यभर एक शब्द काढला नाही, आणि आपण तो दुकानातून कधी जातो याची वाट बघत बसलो. घड्याळवाल्यांना स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

तरी सवयीने त्यांनी हेडफोन खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "ऐकलंस ना? किती चांगलं बोलला आपल्या पोराबद्दल."

"अहो," ती म्हणाली, "तो गोल त्याचा नव्हता."

त्यांना वाटलं, ती विचारतेय. ते काही बोलायच्या आत तीच पुढे बोलू लागली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"मला त्याने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्याचे मोजे धूत होते. म्हणाला, आई, माझी स्टिक हवेतच फिरली, चेंडू लागलाच नाही. गोल दादांचा आहे, कॅप्टनदादांचा. माइकवर माझा नंबर आला तेव्हा वाटलं, त्या माइकवाल्याची चूक. मग तुमची खुर्ची आणायला टेबलापाशी आला, तर कागदावर तुमच्या हातचं."

"त्याने पाहिला कागद?"

"पाहिला. तरी त्याला वाटलं, बाबांची ओळ चुकली असेल. तुम्हाला सांगायला दुकानात आला होता. तुम्ही गिऱ्हाइकांना फूटपट्टी आणि बाटलीचं बूच घेऊन गोल कसा झाला ते दाखवत होतात. म्हणे इतके खूश होतात, की तो दारातूनच परत फिरला."

घड्याळवाल्यांना ती सकाळ आठवली. ती फूटपट्टी आठवली. दारात कुणी येऊन गेलेलं मात्र आठवेना, कितीही आठवलं तरी.

"म्हणून त्याने हॉकी सोडली?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, कारखान्यातल्या पाळीमुळे सोडली. त्यानेच तसं सांगितलं होतं.

"पुढच्या मोसमात मैदानावर उतरला की लोक ओरडायचे, अकरा नंबर, गोल पाहिजे! कॅप्टन मुद्दाम चेंडू त्याच्याकडे द्यायचा, घे बाबा, एक खरा मार आणि मोकळा हो. तसा जास्तच चुकायचा तो. चार सामने खेळला आणि स्टिक माळ्यावर टाकली. मला म्हणाला, बाबांसमोर खेळताना पाय उचलत नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हणाला. आणि तो गेल्यावर..." ती थांबली. त्यांचा हात शोधून तिने धरला. "तो गेल्यावर तुमच्याकडे तेवढा एक गोलच उरला होता. तो मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?"

घड्याळवाले रडले. ऐंशी वर्षांचा माणूस नळाशेजारच्या खोलीत, उलटे पॅड बांधलेल्या पुतळ्यासमोर, हुंदके देऊन रडला. घरात जो तो त्यांना जपत होता, आणि ते समजत होते की आपणच सगळ्यांना जपतोय. पोरगा हॉकीतून उठला तो त्यांच्या हातच्या एका आकड्याने. दुसरा कुणी दोषी नव्हता, टवाळ नाहीत, पाळी नाही. पोराने ते पाच वर्षं गिळलं, आणि गेला.

"मला वाटलं होतं, कॅप्टन तरी सांगून जाईल," ती म्हणाली. "म्हणून मागे लागले होते. त्यानेही नाही सांगितलं. आता आपल्याशिवाय कुणी राहिलं नाही हो."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि ते उठले. गुडघा खरंच दुखत होता. बाहेरच्या टेबलापाशी बाई काहीतरी लिहीत बसल्या होत्या. घड्याळवाल्यांनी टेबलाला धरून एका दमात सांगून टाकलं. तो गोल दहा नंबरचा, कॅप्टनचा. अंपायरने दहा दाखवले होते, मी अकराच्या ओळीत लिहिलं. चुकून नव्हे, जाणूनबुजून. ती पाटी बदला.

खुर्ची पुढे सरकवून बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, बसा आधी. पाणी आणू?" त्यांना काय वाटतंय ते चेहऱ्यावर दिसत होतं. म्हातारा माणूस, मुलाचा फोटो पाहिला, मन हललं.

"मी शुद्धीवर आहे, बाई."

"तसं नाही काका. पण हे बघा, कागद तुमच्या हातचा. त्यावर कॅप्टनसाहेबांची सही. अंपायरची सही. आणि कॅप्टनसाहेबांनी तर स्पष्टच सांगितलंय, गोल माझा असं कुणाला वाटत असेल तर नाही. एवढे पुरावे आहेत. तुमच्या एकट्याच्या बोलण्यावर मी पाटी कशी बदलू? दुसरं कुणी आहे का सांगणारं? अंपायर?"

"तो वीस वर्षांपूर्वीच गेला."

"मग?"

मैदानावरची माणसं घड्याळवाल्यांनी मनात एकेक करून मोजली. गोलकीपर गेला होता. सेंटर हाफ परगावी होता आणि त्याला स्वतःची मुलंही ओळखू येत नव्हती. बाकीच्यांनी त्या धुळीत काही पाहिलंच नव्हतं. त्यांचं खोटं इतकं पक्कं झालं होतं, की आता ते त्यांनाच मोडता येत नव्हतं. मूर्खासारखे ते टेबलावरच्या कागदांकडे बघत उभे राहिले.

"मी आहे," मागून बायको म्हणाली.

ती भिंतीचा आधार घेत एकटीच चालत आली होती, पोहण्याची आणि कुस्तीची खोली ओलांडून. "मी त्या मुलाची आई. चेंडू आपल्या स्टिकला लागला नाही, असं त्याने स्वतः मला सांगितलं होतं. लिहून घ्या. सही करते मी, कुठे करायची तेवढं बोट ठेवून दाखवा."

बाईंनी खणातून दुरुस्तीच्या नोंदीचा कागद काढला. "काकू, एकदा हे लिहिलं की त्यांचा गोल जाईल. परत बदलता येणार नाही. तुमची खात्री आहे ना?"

"त्याची होती," ती म्हणाली.

बाई लिहीत गेल्या. दहा नंबरच्या नावापुढे विजयी गोल लिहिला. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, ते लिहिलं. सही झाली. ती थोडी तिरकी आली, ओळीच्या खाली घसरली, पण वाचता येत होती. मग पेन तसंच धरून बाई अडखळल्या. "एक राहिलं. पाटीवर प्रत्येकापुढे एक वाक्य आहे. अकरा नंबरचं आता काढावं लागेल. त्यांच्यापुढे काय लिहू?"

घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं. चौदा सामने त्यांना आठवत होते, कोणत्या दिवशी, कुणाशी, किती मिनिटं. लिहिण्यासारखं त्यातलं एकही सापडेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"खेळला, असं लिहा," ती म्हणाली. "सत्तर मिनिटं पळत होता, एकदा खाली बसला नाही. खेळला, एवढंच लिहा."